आधी बुटांकडे बघ

चि. मुली,

अनेक आशीर्वाद, वि. वि. तुझं पत्र पोचलं. आजोबांवर लघुपट करायचं ठरवलंस हे वाचून फार बरं वाटलं. सातारा जिल्ह्यात फौजी कितीतरी, पण त्यांच्यापुढे बसून सगळं नीट ऐकून घेणारं माणूस क्वचितच भेटतं. तयारी म्हणून आठवडाभरात सहा युद्धपट पाहिलेस आणि आता ७१ सालचा रणगाड्यांचा प्रसंग कसा उभा करायचा याचा तुला घोर लागलाय. तो घोर आत्ता बाजूला ठेव. मी सांगतो ते सिनेमे बघ, आणि रात्रीला एकच बघ.

सुरुवात ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’पासून कर. १९५९चा सोव्हिएत सिनेमा, दिग्दर्शक ग्रिगोरी चुखराय. तो स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढला होता. त्याचा अल्योशा एकोणीस वर्षांचा पोरगा. दोन रणगाडे उडवतो आणि साहेबापुढे कबूल करतो की भीतीपोटी उडवले. पदकाऐवजी घरी जायची परवानगी मागतो, कारण आईच्या घराचं छप्पर गळतंय. सहा दिवसांची रजा मिळते आणि लढाई तिथेच मागे पडते. पुढे उरतात मालगाड्या, स्टेशनं आणि वाटेत भेटणारी माणसं.

आघाडीवरचा एक जवान त्याच्याजवळ आपल्या बायकोसाठी साबण देतो. लढाईच्या दिवसांत साबण ही केवढी दुर्मीळ चीज! अल्योशा पत्ता शोधत जातो, तर जिन्यात एक पोर साबणाचे फुगे उडवत उभं. वर घरात दुसरा पुरुष आहे. अल्योशा बाहेर पडतो, पुन्हा मागे फिरतो, दिलेला साबण उचलून घेतो आणि त्या जवानाच्या आजारी बापाला नेऊन देतो. लढाई घरापर्यंत कशी पोचते ते एवढ्या साबणातून कळतं. आईजवळ तो पोचतो तेव्हा हातात काही मिनिटंच उरलेली असतात, छप्पर तसंच राहतं. हा मुलगा परत येणार नाही हे सिनेमानं आपल्याला सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं असतं, तरीही शेतातून धावत येणाऱ्या त्या आईकडे बघताना गळा दाटून येतो.

त्याच वर्षीचा जपानी सिनेमा म्हणजे कोन इचिकावाचा ‘फायर्स ऑन द प्लेन’. जागा फिलिपीन्समधलं लेयटे बेट, काळ १९४५. जपानी सैन्य हरलंय, उपाशी आहे. पाऊस, चिखल, आणि वाटेत कुणीतरी टाकलेले बूट. एक सैनिक येतो, आपल्यापेक्षा ते बरे म्हणून घालतो आणि स्वतःचे तिथे टाकतो. त्याचे मागून येणारा घालतो, त्याचे त्याच्या मागचा. अखेर क्षयानं पोखरलेला तामुरा येतो. त्याच्या वाट्याला आलेल्या बुटांना तळच नाहीत. तो ते बघतो, स्वतःचेही काढून ठेवतो आणि अनवाणी चालू लागतो. अख्ख्या सैन्याचा पराभव त्या बुटांत आहे. हा प्रसंग दोनतीनदा बघ आणि कॅमेरा किती कमी हलतो ते वहीत टिपून ठेव. पुढे भूक माणसाला कुठल्या थराला नेते ते येतं. तो भाग एकटीनं बघू नकोस, आईला जवळ बसव.

आता माझ्या सगळ्यांत जवळचा सिनेमा, सोव्हिएत दिग्दर्शिका लारिसा शेपित्कोचा ‘द असेंट’. पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळाला मी तो पहिल्यांदा पाहिला आणि घरी जाताना बसमध्ये चढायचं भान राहिलं नाही, चालतच निघालो. वासिल बिकोव्हच्या कथेवरचा हा सिनेमा. जर्मनांच्या ताब्यातला बेलारूस, कडाक्याचा हिवाळा, आणि साथीदारांसाठी अन्न शोधायला निघालेले, जर्मनांशी लपूनछपून लढणारे दोन सैनिक. दोघंही पकडले जातात. सोत्निकोव आजारी, अंगात त्राण नाही, तरी तोंड उघडत नाही. रिबाक धडधाकट, कामाचा, वाटेत मित्राला बर्फातून ओढत आणणारा. तोच जिवासाठी शत्रूचा पोलीस होतो. शेपित्को रिबाकला खलनायक करत नाही, म्हणून तो आपल्याला सोडत नाही. फाशीच्या वेळी गर्दीत एक लहान मुलगा उभा असतो. सोत्निकोव त्याच्याकडे बघतो, आणि त्या दोन चेहऱ्यांवर शेपित्को जेवढा वेळ थांबते तेवढा थांबायची हिंमत तुझ्यात यावी असं मला वाटतं. १९७७ साली या सिनेमाला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला. दोन वर्षांनी, एक्केचाळिसाव्या वर्षी, ती मोटार अपघातात गेली.

तिचा नवरा एलेम क्लिमोव. त्याचा १९८५चा ‘कम अँड सी’ तुला कुणीही सुचवेल. बघच, पण वरचे तीन पचल्यावर.

आपल्याकडचा ‘हकीकत’ (१९६४) जुना म्हणून टाळू नकोस. चेतन आनंदनं ६२च्या पराभवानंतर दोनच वर्षांत तो केला. ‘कर चले हम फिदा’ सगळ्यांना पाठ आहे. तू मात्र ‘होके मजबूर मुझे’ ऐक. रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर असे चार आवाज, आणि थंडीत बसून घरच्या माणसाची आठवण काढणारे जवान. आजोबांबरोबर बसून ऐक. गाणं चालू असताना त्यांना काही विचारू नकोस.

माळ्यावर त्यांची काळी ट्रंक आहे, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली, असं तू मागे म्हणाली होतीस. ती त्यांनाच उघडू दे. कोणती वस्तू ते आधी हातात घेतात आणि कोणती न बघताच बाजूला सारतात, एवढं मला पुढच्या पत्रात कळव. रणगाड्यांचं आपण त्यानंतर बोलू.

तुझा,
काका