रोजच्या कामासाठी १२० हर्ट्झचा पडदा घ्यावा का?

गेम खेळायचे नाहीत, केवळ कार्यालयीन काम, वाचन आणि व्हिडिओ एवढाच वापर आहे, तर ६० हर्ट्झऐवजी १२० किंवा १४४ हर्ट्झच्या मॉनिटरचा फरक जाणवेल का, असे आपण विचारले आहे. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. फरक निश्चित जाणवतो, परंतु पडद्यावर काहीतरी सरकत असेल तेव्हाच. आणि ६० वरून १२० वर जाताना तो जितका ठळक असतो, तितका त्यापुढे राहत नाही.

६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १२० हर्ट्झचा ८.३ आणि २४० हर्ट्झचा ४.२ मिलिसेकंदांनी. दोन बदलांच्या मधल्या काळात चित्र जागच्या जागी थांबलेले असते, मात्र सरकत्या मजकुराचा माग घेणारी आपली नजर पुढे जात राहते आणि त्यामुळे अक्षरे पुसट दिसतात. मजकूर सेकंदाला १२०० पिक्सेल या वेगाने वर जात असेल, तर हा पुसटपणा ६० हर्ट्झवर सुमारे २० पिक्सेलचा आणि १२० वर १० पिक्सेलचा असतो. पॅनेल मंद असल्यास, म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला वेळ लागत असल्यास, त्यात आणखी भर पडते. मराठी बातमी स्क्रोल करत वाचून पाहा. ६० हर्ट्झवर शिरोरेषा जाड पट्ट्यासारखी पसरते आणि अनुस्वार, मात्रा, रफार तिच्यातच मिसळून जातात. १२० वर, वेग बेताचा असेल तर, मजकूर सरकत असतानाच मथळे वाचता येतात. माउसचा बाणही हाताबरोबर चालतो असे वाटते.

एक्सेलमध्ये आकडे भरताना किंवा पत्र टंकताना मात्र फारसा फरक पडत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असल्याने १२० हर्ट्झवर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा दाखवता येते, तर ६० वर आळीपाळीने दोनदा व तीनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा संथपणे फिरताना किंचित हिसके बसतात; अनेकांच्या ते लक्षातही येत नाही. डोळ्यांना आराम मिळतो या जाहिरातीवर मी तरी विसंबणार नाही. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर ६० हर्ट्झला चित्र खरोखरच लुकलुकत असे, एलसीडीचे तसे नसते.

म्हणून पैसे मोजकेच असतील, तर आधी चांगले रिझोल्यूशन आणि आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा एलसीडीचा प्रकार) पाहावे. त्यानंतर १०० किंवा १२० हर्ट्झ मिळत असेल तर अवश्य घ्यावे, २४० साठी जादा पैसे देऊ नयेत. मॉनिटर जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा स्वतः तपासावा, कारण १४४ हर्ट्झचा पडदा कित्येकदा ६० वरच चालू राहतो. लॅपटॉप जुना असेल तर त्याचे पोर्टही पाहून घ्यावे: एचडीएमआय १.४ (मॉनिटरच्या जोडणीची जुनी आवृत्ती) वरून फोर-के (३८४० × २१६० पिक्सेल) चित्र ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही, आणि तेव्हा माउसचा बाणसुद्धा मागे रेंगाळू लागतो.