लिव्हिंग्स्टनला उचलून कोणी नेलं ते आधी वाच

बाळा, सलाम.

तू नर्स म्हणून मालावीला चाललायस म्हणून परवा उपासनेनंतर तुझा निरोप समारंभ झाला तेव्हा मी मागच्या बाकावर होते, गुडघ्यांमुळे पुढं येणं होत नाही आता, पण ऐकलं सगळं. पाळकसाहेबांनी तुला "आपल्या मंडळीचा लिव्हिंग्स्टन" म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तू मान खाली घालून हसलास. तेव्हाच ठरवलं की याला पत्र लिहायचं, फोनवर तू नुसतं "हो मावशी, हो मावशी" करतोस.

लिव्हिंग्स्टन, तो आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी, 1873 च्या मे महिन्यात चितांबोच्या गावात वारला, आत्ताच्या झांबियात. त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं आणि त्या वेळी प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइट नावाच्या पोरानं, झाडावर अक्षरंही त्यानंच कोरली. हा जेकब कुठं शिकलेला? आपल्या नाशकात, शरणपूरला. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं तेव्हा मुंबईत आणायचे आणि त्यातली काही शरणपूरच्या आश्रमात ठेवायचे, तिथं सुतारकाम लोहारकाम शिकवायचे. आज तू शरणपूर रोडवर मोबाईल दुरुस्तीला जातोस तोच भाग. दुसरा चुमा, तो मुंबईत मिशनरी डॉ. विल्सनच्या शाळेत होता, 1865 ला तिथंच त्याचा बाप्तिस्मा झाला. तो मूळचा तू जिथं चाललायस त्याच मालावीतल्या शिरे नदीकडच्या डोंगराळ मुलखातून सोडवलेला. या लोकांनी लिव्हिंग्स्टनचं शरीर सुकवून, सालीत गुंडाळून, खांद्यावर घेऊन महिनोन्‌महिने चालत समुद्राकाठी पोचवलं. त्याचं नाव जगभर झालं, आणि ह्यांची नावं तुझ्या निरोपात कोणी घेतली का?

तुला लिव्हिंग्स्टन म्हटलं याचं मला वाईट नाही वाटलं, भीती वाटली. कारण मीही तिथं तशीच गेले होते. नगरच्या नर्सिंग ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, पेटीत दोन डझन पांढरे युनिफॉर्म आणि डोक्यात हे की आता मी ह्यांना सांभाळणार. पहिलं वर्षभर त्यांनीच मला सांभाळलं, लहान पोराला सांभाळतात तसं, आणि ते कळायलासुद्धा मला दीड वर्ष लागलं.

आधी एक गोष्ट डोक्यात घाल. तिथं तू ख्रिस्त घेऊन चाललेला नाहीस. मालावीत तीन चतुर्थांशाहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत, ब्लँटायरचं मिशन 1876 चं, तिथल्या आज्या आपल्यापेक्षा जास्त गीतं पाठ म्हणतात आणि तीही चार सुरांत, पेटी नाही तबला नाही. आणि त्याच मिशनची सुरुवात कशी झाली तेही माहीत असू दे. 1879 च्या सुमारास तिथल्या मिशनऱ्यांनी स्वतःच न्यायाधीश बनून लोकांना फटके मारले, एका माणसाला तर मृत्युदंड दिला, मग स्कॉटलंडमध्ये बोंब झाली, चौकशी झाली, माणसं परत बोलावली. शाळा, दवाखाने, ते सुंदर विटांचं चर्च हे सगळं झालं, पण हेही झालं. तिथल्या म्हाताऱ्यांना हे माहीत असतं, बोलत नाहीत इतकंच.

आता रोजचं सांगते.

पहाटे साडेचार-पाचला खराट्याचा आवाज येतो. बायका अंगण झाडतात, आपल्याकडे सडा घालायच्या आधी झाडतात तसंच, आणि ज्या घरापुढं झाडलेलं नाही त्या घरात कोणी आजारी आहे किंवा भांडण झालंय हे गाव समजून जातं. तूही झाड. पुरुष झाडत नाहीत म्हणून हसतील, हसू दे. मग दवाखान्याच्या वाटेवर नमस्कार सुरू होतात, तिथल्या भाषेत, चिचेवात. "म्वाझुका ब्वांजी?" म्हणजे कसे उठलात, त्यावर "न्दाझुका ब्वीनो, काया इनु?" म्हणजे बरा उठलो, तुम्ही? हे प्रत्येकाशी, थांबून, पूर्ण. दहा मिनिटांच्या वाटेला मला चाळीस मिनिटं लागायची आणि मी घड्याळ बघायचे, तर बरोबरची सिस्टर एकदा हळूच म्हणाली की तुझ्या मनगटावर काय चावतंय का. तेव्हापासून घड्याळ पर्समध्ये. दारात गेलास की टकटक करायची नाही, बाहेरूनच "ओदी!" अशी हाक द्यायची आणि आतून "ओदिनी" आलं की मगच पाऊल टाकायचं. काही देताना घेताना दोन्ही हात, नाहीतर उजवा हात पुढं आणि डावा कोपराला.

तुला ते "अम्वेन्ये" म्हणतील, म्हणजे इंडियन, आणि बहुतेकांना वाटेल हा दुकान टाकायला आला. रागावू नकोस. एकेकाळी खेड्यापाड्यांत गुजराती दुकानं होती, 70 च्या दशकात राष्ट्राध्यक्ष बांडांच्या सरकारनं त्यांना शहरांत हलवलं, पण तेलाचा डबा आणि उधारीची वही म्हणजे इंडियन हे चित्र राहिलंच. मला दोन वर्षं लोक साखरेचा भाव विचारायचे.

दवाखान्यात दिवस गीत-प्रार्थनेनं सुरू होतो, बाकांवर पेशंट बसलेलेच असतात, तेही म्हणतात. मग मलेरियाची बोटातली टेस्ट, गोळ्या, गरोदर बायकांचा दिवस, लसीचा दिवस. पोरांची वजनं तागडीला चड्डीसारखी झोळी टांगून करतात, प्रत्येकाचं वजन त्याच्या हेल्थ पासपोर्टमध्ये लिहायचं, ती एक वहीच असते आणि आया ती चितेंजेच्या गाठीत जपून आणतात. चितेंजे म्हणजे तो छापील कपडा, नेसायला, पोर पाठीला बांधायला, डोक्यावर चुंबळ करायला, अंथरायला, मयताला पांघरायला, एकच.

तागडी नीट बघ. कारण नोव्हेंबरमध्ये पाऊस लागतो, मका पेरतात, आणि मागचा मका जानेवारीपर्यंत संपलेला असतो, नवा मार्च-एप्रिलशिवाय येत नाही. ते मधले दोन-तीन महिने. जानेवारीत काटा पुढं सरकत नाही, फेब्रुवारीत मागं येतो. आई वेळेवर आलेली असते, पोर धुतलेलं असतं, आणि वजन पाचशे ग्रॅमनं कमी. पहिल्या वर्षी मी एका बाईला विचारलं की ह्याला नीट खायला का देत नाहीस, आणि चांगलं आवाज चढवून विचारलं, आपल्याकडे ओपीडीत ओरडतात तसं. ती काही बोलली नाही. ती सकाळपासून दुसऱ्याच्या शेतात "गन्यू" करून, म्हणजे मजुरीवर खुरपून, त्या बदल्यात मिळालेलं पीठ घरी टाकून, मग दोन तास चालत आली होती. हे मला तिनं नाही, झाडूवाल्या मामांनी सांगितलं. ती पुढच्या महिन्यात आली नाही. दवाखान्यात लिकुनी फाला होतं, म्हणजे मका-सोयाच्या पेजेचं पीठ, द्यायला पीठ होतं, घ्यायला बाई नव्हती. मी तिच्या गावी गेले, ओदी केली, बसले, तिनं मला पाणी दिलं आणि पोराचं नावसुद्धा काढलं नाही. तीन फेऱ्या घातल्या तेव्हा आली. फेब्रुवारीत तुझा आवाज चढू देऊ नकोस.

मयत. त्यांचा शब्द "मलिरो". गावात मयत झालं की सगळं थांबतं, शेत थांबतं, बायका पीठ आणि सरपण डोक्यावर घेऊन जातात आणि जमिनीवर बसून राहतात, रात्रभर गीतं चालतात. माझ्या दुसऱ्या वर्षी गावच्या एका म्हाताऱ्याचं मयत होतं आणि त्याच दिवशी लस आलेली, बर्फ वितळायच्या आत संपवायची म्हणून मी दवाखाना चालू ठेवला. मला वाटलं मी कर्तव्य करतेय. एक पोर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नमस्कार मात्र सगळे करायचे, तसेच पूर्ण, पण कोणी थांबायचं नाही. शेवटी म्फुमु, म्हणजे गावचे प्रमुख, त्यांच्या बायकोकडं जाऊन मी गुडघे टेकून बसले, त्या काही बोलल्या नाहीत, सूप पुढं सरकवलं आणि म्हणाल्या दाणे सोल. तासभर दोघींनी शेंगा फोडल्या. निघताना म्हणाल्या, लस उद्याही टोचता आली असती. (नसती आली, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.)

पैशाचं बोलते, कारण ह्यात तू फसणार. संध्याकाळी सहाला अंधार पडतो आणि मग ओट्याशी ओदी सुरू होते, कोणाला साबण, कोणाला मीठ, कोणाला शाळेची फी. मी एका घराच्या छताला गुपचूप पत्रे घेऊन दिले, चांगलं वाटलं मला. पुढच्या पावसात त्या घराशी शेजारी बोलेनात, ह्यांनी अम्वेन्येला काय सांगितलं म्हणून, आणि मग त्या बाईनंच येऊन विचारलं की पत्रे परत घेता का. तेव्हा काही द्यायचं तर चर्चच्या वडीलमंडळींना आणि म्वानोच्या बायकांना विचारून, उघड दे. म्वानो म्हणजे आपल्या महिला मंडळासारखं, फक्त त्यांच्याकडे जास्त शिस्त आहे आणि कमी भांडणं.

जेवणाची काळजी करू नकोस. न्सिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड समज, हातानं गोळा करून कालवणाला लावायची. लाल भोपळ्याच्या पाल्यात शेंगदाण्याचं कूट घालतात, न्सिंजिरो, ते पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला रडू आलं होतं, चक्क आईच्या हातची चव. जून-जुलैत चिपेरोनी येतं, मोझांबिककडून गार वारं आणि बारीक झिमझिम, आठवडाभर डोंगर दिसत नाही, स्वेटर ने. डोंगराचं सांगायचं तर मुलांजे डोंगराचं शिखर सपित्वा 3002 मीटर, कळसूबाईच्या दुपटीला थोडं कमी, पण एकटा चढू नकोस, धुक्यात वाट सापडत नाही. तळ्यावर गेलास तर काठाच्या वेलींपाशी पोहू नकोस, बिल्हार्झिया होतो, पाण्यातले जंत कातडीतून अंगात शिरतात.

तिथल्या नर्सेस कौन्सिलची नोंदणी होईपर्यंत तुला पेशंटला हात लावता येणार नाही. महिने जातील, चिडशील. चिडू नकोस, त्या महिन्यांत चिचेवा शिक, पोरांकडून, मोठे चुका सुधारत नाहीत, लाजतात. आपल्या आजीच्या वेळी मडमबाई मराठीत "तुमच्या नवऱ्याला उकळा" असं पाण्याऐवजी सांगायच्या आणि आजी ती गोष्ट मरेपर्यंत हसत सांगायची, पण मडमबाईंचं नाव तिनं प्रेमानंच घेतलं. आपण त्या घरातले आहोत ज्यांच्याकडे मिशनरी आले होते. कोण बसून राहिलं आणि कोण फक्त बोलून गेलं हे आपल्या आज्यांना बरोबर आठवायचं.

पोचलास की मला मेसेज नंतर कर, आधी म्फुमुंकडं जा, हात रिकामे नकोत, साखर चालते. आणि त्यांच्या बायकोसाठी लसणाची चटणी करून देते ती घेऊन जा, केबिन बॅगेत नको, पेटीत टाक. या वेळी तिखट जास्त घालते, मागच्या खेपेला त्यांनी सिस्टरकडून निरोप पाठवला होता की सौम्य झाली होती.

तुझी मावशी