एआयएसमध्ये कमाई दोनदा दिसतेय, मग कर दोनदा भरायचा का?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांना कास्टिंगची डिझाइनं करून देणारा एक इंजिनिअर रिटर्नच्या गडबडीत आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) "सर, सरकारनं मला 39 लाखांचा धनी केलंय बघा!"

हातात एआयएसची, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकाची प्रिंट. वर्ष 2024-25. कलम 194जेच्या टीडीएसखाली (पैसे देणाऱ्यानं आधीच कापलेला कर) 16,45,000 ची कमाई आणि खाली जीएसटीची उलाढाल 22,60,000. गड्यानं दोन्हींची बेरीज मारलेली. वर मित्राचा सल्ला, "नोटीस नको असंल तर दिसतंय तेवढं दाखवून मोकळा हो." असे मित्र दर हंगामात भेटतात आणि दरवेळी माझं डोकं फिरतं.

फाउंड्रीनं बिल भागवताना टीडीएस कापला, ते तिच्या टीडीएस रिटर्नमधून खात्याला कळलं. तेच बिल यानं स्वतःच्या जीएसटी रिटर्नमध्ये दाखवलं, तेही कळलं. पत्रकात दोन्ही खबरी एकाखाली एक येतात. त्यांची बेरीज करा असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही. आपलं उत्पन्न आपल्या बिलांवरून ठरतं.

म्हटलं, बिलं काढा. जीएसटी सोडून बेरीज बरोब्बर 22,60,000 आली. त्यातले 7 लाख लहान पॅटर्नवाल्यांकडचे (कास्टिंगच्या साच्यांचे नमुने करणारे), त्यांनी टीडीएस कापलेला नाही. म्हणजे टीडीएसखाली 15,60,000 दिसायला हवे होते. 85,000 जास्त कुठून आले? पेन्सिलीनं एकेका नोंदीवर खूण करत गेलो, तर मार्चमध्ये एकाच फाउंड्रीची 85,000 ची नोंद दोनदा, तारीखसुद्धा तीच. बिल मात्र एकच. तिथल्या अकाउंटंटला फोन लावला. त्यानं बघून सांगितलं, एकच बिल दोनदा चढलंय, दुरुस्ती रिटर्न भरतो.

पोर्टलवर त्या एका नोंदीला 'दुबार' असा अभिप्राय दिला. त्यानं एआयएसमध्ये फरक पडतो, फॉर्म 26एएस (कापलेल्या कराचा खात्याकडचा उतारा) मात्र फाउंड्रीनं दुरुस्ती केल्याशिवाय बदलत नाही.

"मग त्या नोंदीपुढं 8,500 टीडीएस दिसतोय, तो तरी घेऊ की!" पठ्ठ्या हसत म्हणाला. ते 85,000 आपले नव्हेत म्हणायचं आणि त्यावर कापलेला कर आपला म्हणायचा, हे जमायचं नाही. तो सोडायला लावला.

मग त्याला जीएसटीच्या ओळीवरही 'दुबार' मारायचं होतं. तिथं मी हात धरला. ते 7 लाख पत्रकात फक्त त्याच ओळीत होते. ती खोडायला गेलो असतो तर खरी कमाई लपवल्यासारखं झालं असतं. आणि गरजही नव्हती. आयटीआर-4 या रिटर्नच्या फॉर्ममध्ये जीएसटीची उलाढाल माहितीपुरती वेगळ्या रकान्यात भरता येते, ती उत्पन्नात मिळवली जात नाही.

काम तांत्रिक सल्ल्याचं, त्यामुळं कलम 44एडीए (व्यावसायिकांना अंदाजानं नफा धरू देणारं) लागू झालं. जमेच्या निम्मे, म्हणजे 11,30,000 नफा धरून रिटर्न भरलं. मार्चचं ते बिल, बँकेचा उतारा आणि फाउंड्रीकडून येणारी दुरुस्तीची पोच एकाच फाइलला लावून ठेवायला सांगितली. खात्यानं विचारलंच, तर तेवढे कागद पुरेत.