आधी फाटकाची कडी बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला कुत्री आवडतात, घरी राहून काहीतरी स्वतःचं करायचंय, आणि जळगावात बाहेरगावी जाणाऱ्यांची कुत्री सांभाळणारं, फिरवून आणणारं कुणी सापडत नाही, हे सगळं तू नीट लिहिलंयस. पण तुमच्या घराचं फाटक कसं आहे, अंगणात सावली किती, घरातल्या आजीला हे चालणार आहे का, यातलं काहीच लिहिलं नाहीस. माझ्या लेखी काम तिथून सुरू होतं.

मी हे काम ठरवून धरलं नाही. आमच्या भुसावळात निम्म्या घरांचं घड्याळ रेल्वेच्या ड्यूटीवर चालतं. रुळांपलीकडच्या क्वार्टरमधले एक भाऊ गाडी घेऊन गेले की दोन-दोन दिवस येत नसत, आणि वहिनी माहेरी गेल्या की त्यांचा रॉकी आमच्या ओट्यावर. एकाचं बघून दुसऱ्याने आणलं, पुढे लोक स्वतःहून पैसे देऊ लागले. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, माया लावली की झालं. मग ती अखजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आली.

त्या वर्षी अखजीला रॉकी आमच्याकडे चार दिवसांसाठी होता. गावठीच, पण फार समजदार. माहेरवाशिणी आलेल्या, पोरांची ये-जा, झोके, आमरस-पुरणपोळीची गडबड. त्यात कुणीतरी फाटक नुसतं लोटलं, कडी घातली नाही. दुपारी बघते तर रॉकी नाही. आम्ही बाजार पालथा घातला, स्टेशनचा परिसर पाहिला, तापीकाठापर्यंत माणसं धाडली. माझ्या घशाखाली पाणी उतरेना. रात्री दोनच्या सुमाराला आमचे हे म्हणाले, "अगं, त्याच्या स्वतःच्या घरी कुणी बघितलं का?" रूळ ओलांडून पलीकडे त्यांचं क्वार्टर. गेलो, तर रॉकी बंद दारासमोर बसलेला, कुलपाकडे तोंड करून. आम्हाला बघून उठलासुद्धा नाही. रूळ ओलांडताना त्याचं काहीही होऊ शकलं असतं.

त्या रात्रीनंतर मी काम बदललं. कुत्र्याच्या मनात आपण "नवीन घर" नसतो. त्याची माणसं हरवलेली असतात आणि तो त्यांना शोधायला निघतो. म्हणून पहिले तीन दिवस साखळी किंवा पट्ट्याशिवाय अंगणातसुद्धा सोडायचं नाही, मालक कितीही म्हणोत की "आमचा कुठे जात नाही". त्यांच्या घरून तो कुठे जात नाही, हे खरंच असतं. तुझ्या घरून तो जाईल. मालकाची न धुतलेली चादर किंवा बनियन सोबत मागून घे आणि त्याच्या झोपायच्या जागी टाक. पहिल्यांदा येणाऱ्याला सणावाराला घेऊच नकोस. आधी एक रात्र ठेवून बघ, जेवतो का, रात्रभर रडतो का. आणि त्याचं घर कुठे आहे ते स्वतः जाऊन पाहून ये. कधी सुटलाच तर पहिली धाव तिकडे घे.

फाटकाचंही सांगते. कडी अशी हवी की बाहेरून हात घालून किंवा नाकाने ढकलून निघणार नाही. फाटकाच्या आत आणखी एक अडसर हवा, लाकडी फळीचा असला तरी चालेल. दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला यांना सांगून ठेव की हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही.

आता उन्हाचं. इतर गावांत या कामाला जी सुगी असते ती आपल्याकडे नेमकी कहराच्या दिवसांत येते. अखजी, लग्नसराई, मुलांच्या सुट्ट्या, म्हणजे एप्रिल-मे. जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा ४५ च्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो उष्णता बाहेर टाकतो, पंजांना येतो तेवढाच घाम. पग, शिट्झू यांची नाकं चपटी, त्यांना धापही नीट टाकता येत नाही. हस्कीच्या अंगावर तर थंड मुलखाची लोकर. त्या दोन महिन्यांत असली कुत्री मी घेते ती फक्त ओळखीची, आणि दिवसभर कूलरच्या खोलीत ठेवता येणार असतील तरच. नाही म्हणायला जड जातं. तरी म्हण.

फिरवायचं ते पहाटे साडेपाचला. संध्याकाळी ऊन उतरलं म्हणून निघू नकोस, आपल्याकडचा डांबरी रस्ता अंधार पडल्यावरही तापलेला असतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकव आणि सात आकडे मोज. तेवढा वेळ हात टेकवेना तर त्याचे पंजेही भाजणार. तू लिहिलेला मेहरूण तलावाचा रस्ता चांगला आहे, पण उजाडायच्या आधीच तिथे पोच.

उन्हाचा फटका बसला तर हिरड्या लालभडक होतात, लाळ घट्ट, चिकट होते, चालताना झोकांड्या जातात, उलटी होते. निरोगी कुत्र्याचं अंग तसंही आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण १०१ ते १०२ फॅरनहाइट, त्यामुळे नुसत्या हाताने कळत नाही. थर्मामीटर वेगळा ठेव. १०४ च्या वर गेला तर सावलीत आणून पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर साधं गार पाणी ओत आणि पंखा लाव. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळायचं नाही, आत उष्णता कोंडते. जबरदस्तीने पाणी पाजायचं नाही. आणि थोडा सावरला तरी डॉक्टरकडे न्यायचंच, कारण आतल्या अवयवांना झालेला त्रास दुसऱ्या दिवशी दिसतो. तो दुसरा दिवस मी पाहिलाय, म्हणून एवढं आग्रहाने लिहिते. कूलरची वायर आणि अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घे. लोखंडी कूलर, खाली सांडलेलं पाणी आणि त्यात झोपलेलं कुत्रं, यासारखं वाईट काही नाही.

खाण्याच्या बाबतीत मी कडक आहे. मालकाने दिलेलंच घालायचं. आपल्या घरात पाहुण्याला उपाशी ठेवणं जमत नाही, आजी हळूच भरीत-भाकरीचा तुकडा टाकेल, शेवभाजीचा रस्सा भाकरीवर घालेल. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. द्राक्षं, मनुके मूत्रपिंडावर जातात. चॉकलेट आणि शिजवलेली हाडं, दोन्ही नकोत. केळ्याचा एखादा तुकडा चालतो, रावेर-सावद्याच्या मुलखात तेवढं लाड करायला मिळतं. आजीला हे तू एकटीने सांगू नकोस, डॉक्टरांसमोर बसवून ऐकव. आणि फरशीला फिनाईल नको. कुत्रं फरशीवर लोळतं आणि मग तेच अंग चाटतं. साबणाच्या पाण्याने भागतं.

आजीचा आणखी एक मुद्दा. मोठं कुत्रं मायेने अंगावर उडी मारतं आणि म्हातारं माणूस पडतं. खुब्याचं हाड मोडलं तर वर्ष जातं. घरातल्या प्रत्येकाने होकार दिल्याशिवाय सुरू करू नकोस, आणि लॅब्रॅडॉरपेक्षा मोठं कुत्रं तर नकोच.

घेण्याआधी मालकाला काय विचारायचं, ते तू विचारलंयस. "चावतो का?" असं विचारलंस तर प्रत्येक जण नाही म्हणेल. "शेवटचं कुणावर गुरगुरला, कधी, कशावरून?" असं विचार. ताटलीजवळ हात नेला तर? झोपेतून उठवलं तर? मग माणसं खरं बोलू लागतात. लसीचं कार्ड डोळ्यांनी बघायचं. रेबीजची लस चालू हवी, पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची हवी, गोचिडाचं औषध दिलेलं हवं. कार्ड "घरी कुठेतरी आहे" म्हणाले तर सापडल्यावर या म्हणायचं, मग ते सख्खे मामा असोत. मादी असेल तर ती माजावर कधी येते तेही विचार, नाहीतर गल्लीतले सगळे कुत्रे तीन आठवडे तुमच्या फाटकाशी. एका वेळी एकाच घरची कुत्री घे. दोन घरची दोन गुणी कुत्रीसुद्धा एका ताटलीवरून रक्त काढतात.

मालकाकडून एक चिठ्ठी लिहून घे. त्यात त्यांचा डॉक्टर कोण, ते फोनवर सापडले नाहीत तर निर्णय कोणी घ्यायचा, आणि तातडीच्या उपचाराला किती रुपयांपर्यंत खर्च करायची परवानगी आहे, हे असू दे. कुत्रं तुझ्या ताब्यात असताना रस्त्यात कुणाला चावलं तर जबाबदारी तुझ्यावरही येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने खबरदारी घ्यायची, असंच म्हटलंय. मालकी कोणाची, एवढ्यावर ते थांबत नाही.

तुला स्वतःला चावलं किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. तिथून सरळ सरकारी दवाखान्यात, लस तिथे मोफत मिळते. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून थांबायचं नाही. काम सुरू करण्याआधीच आपण घ्यायची लस असते, तिचं डॉक्टरांना आत्ताच विचार. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही, पोरी.

फिरवायला लागण्यापूर्वी चार दिवस तो रस्ता तू एकटी चाल. कुठल्या कोपऱ्यावर मटणाचं दुकान, कुठे गल्लीतल्या कुत्र्यांची टोळी, कुठे कुणी फाटक उघडं टाकून बसतं, हे तुला आधी कळू दे. टोळी आली तर पळायचं नाही. आपलं कुत्रं मागे घे, थांब, हळूहळू बाजूला हो. गळ्यातल्या पट्ट्यातून घाबरलेलं कुत्रं डोकं काढून घेतं, म्हणून छातीचा पट्टाही वापर आणि दोन्हींना दोरी लाव. गावाबाहेर केळी-कपाशीच्या बांधावर नेत असशील तर फवारणी कधी झाली ते शेतकऱ्याला विचारून घे. सोबत पाण्याची बाटली आणि घाण उचलायला जुने पेपर. कुणाच्या घरी जाऊन कुत्रं घ्यायचं असेल तर पहिल्या वेळी आई सोबत हवी, आणि लोकांच्या किल्ल्यांवर नाव-पत्ता लिहू नकोस.

राहिले पैसे. आपल्याकडे "घरचंच तर आहे, पैसे कसले?" हे वाक्य तुला रोज ऐकू येईल. दर ठरव, वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि सगळ्यांना तेच पान दाखव. निम्मे आधी घे. दर ठरवताना रात्री दोनदा उठणं, धुणं, तुझा अडकून पडलेला दिवस, हे सगळं मोज. मी पहिली तीन वर्षं फुकट आणि अर्ध्या पैशांत राबले आणि शेवटी माझीच चिडचिड त्या मुक्या जनावरांवर निघू लागली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे एक म्हातारी लॅब्रॅडॉर पाच दिवसांसाठी येतेय. गुरुवारी सकाळी मालक तिला सोडतील, ती दाराशी बसून दुपारपर्यंत वाट बघेल. तो वेळ तू इथे असावंस असं मला वाटतं. सकाळच्या गाडीने ये, जळगावहून अर्धा तास तर लागतो. जुने कपडे घाल, सेंट लावू नकोस, आणि आत आल्यावर तिच्याकडे न बघता खाली सतरंजीवर नुसती बस. ती तुझ्याकडे कधी येते ते आपण दोघी बघू.

तुझी,
भुसावळची मावशी