एक मोठी की दोन लहान?

प्रश्न : लग्नांचे फोटो-व्हिडिओ साडेतीन टीबी झालेत. ८ टीबीची हार्ड डिस्क घेऊ का? ऑनलाइन १६ टीबीची दोन हजारांत दिसते.
– एक छायाचित्रकार, सांगली

उत्तर : दोन हजारवालीला हातही लावू नका. माझ्याकडे अशीच एक आली होती. उघडली तर आत छोटंसं मेमरी कार्ड चिकटवलेलं! कॉम्प्युटरला ती १६ टीबी सांगते, कॉपीही होते, फायली मात्र उघडत नाहीत.

८ टीबीची एकच घेण्यापेक्षा ५ टीबीच्या दोन घ्या, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या. दोन्हींवर तोच डेटा, आणि एक भावाच्या घरी. ४ टीबी फार दिवस पुरणार नाही, विंडोजमध्ये ती ३.६३च दिसते. ८ टीबीची बहुधा मोठी, साडेतीन इंची असते, तिला विजेचा वेगळा अडॅप्टर लागतो; लाइट गेली की कॉपी अर्धवट. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, वधूचे फोटो नाही.

नवी आणल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ची (म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागांची) ‘रॉ व्हॅल्यू’, म्हणजे मूळ आकडा बघा. शून्य नसेल तर त्याच दिवशी परत करा. आणि हो, चालू असताना टेबलावरून पाडू नका, माझी तशीच गेली.