खेड्यातल्या वाचनालयात लोक येत नाहीत, काय करावं?

लोक येत नसतील तर पुस्तकं त्यांच्या दारी न्या. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात वॉशिंग्टन काउंटीच्या ग्रंथपाल मेरी टिटकॉम्ब यांनी आधी खेड्यांतल्या दुकानांत, टपाल कचेऱ्यांत पुस्तकपेट्या ठेवल्या. तेवढ्यानं शेतावरची घरं गाठता येईनात, म्हणून १९०५ मध्ये पुस्तकांची घोडागाडीच सुरू केली. गाडी हाकायला वाचनालयातलाच माणूस होता, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. कुणाला काय वाचायला आवडतं, हे लक्षात ठेवणारं माणूस फेरीवर हवंच. फेरीचा वार ठरवा आणि एकदाही चुकवू नका. दोनदा खाडा झाला की लोक वाट पाहणं सोडतात. अंथरुणाला खिळलेल्यांना मोठ्या अक्षरांतली किंवा ऐकायची पुस्तकं घरपोच द्या. मुलांसाठी गोष्टींचा तास, अर्ज भरायला मदत हे मागाहून जोडता येईल.