मारेकरी, नेमबाज की बंदूकधारिणी?

एका वाचकाने ‘नॉयर’ या जपानी ॲनिमे मालिकेविषयी प्रेक्षकांची मते मराठीत मांडताना असे वाक्य लिहिले आहे : ‘नॉयरमधील दोन बंदूकधारिणी वीरांगना बहुतेकांना आवडतात, पण काहींना ही ॲनिमे रटाळ वाटते.’ यातील ‘बंदूकधारिणी’ हे रूप शुद्ध आहे का, आणि ते खटकत असेल तर पिस्तूल चालवणाऱ्या अशा स्त्रीपात्रांसाठी मराठीत कोणता शब्द योजावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने रूपात दोष नाही. ‘धारी’चे स्त्रीलिंगी रूप ‘धारिणी’ असे होते आणि फारसी-अरबी वळणाच्या ‘बंदूक’ शब्दाला संस्कृत उत्तरपद जोडण्याची सवय मराठीला ‘बंदूकधारी’मुळे झालेलीच आहे. अडचण आहे ती कानाची. ‘धारिणी’ म्हटले की ‘वीणाधारिणी’, ‘शूलधारिणी’ अशी देवीची विशेषणे ऐकू येतात, त्यामुळे ‘बंदूकधारिणी’ हा शब्द एखाद्या स्तोत्रातून उचलल्यासारखा वाटतो. दुसरी अडचण वस्तूची आहे. आज बोलताना आपण कोणत्याही दारूगोळ्याच्या हत्याराला बंदूक म्हणतो, परंतु काळजीपूर्वक लिहिणारा माणूस लांब नळीची ती बंदूक आणि एका हातात मावते ते पिस्तूल असा भेद अजूनही पाळतो. या मालिकेच्या दोन नायिकांपैकी मिरेयच्या हाती वॉल्थर आणि किरिकाच्या हाती बेरेटा असते, म्हणजे दोघींकडे पिस्तुलेच आहेत. शिवाय वृत्तपत्रांनी ‘बंदूकधारी’ हा शब्द इतका सपाट करून टाकला आहे की बँकेच्या दारातील पहारेकऱ्यालाही तो लागतो आणि बँक लुटणाऱ्यालाही. व्यक्तीच्या हातात काय आहे एवढेच तो सांगतो. ती त्या वस्तूचे काय करते, हे सांगत नाही.

‘वीरांगना’ला माझा आक्षेप अधिक ठाम आहे. या शब्दात शौर्य आहे तसाच हेतूचा गौरवही आहे. ज्या स्त्रीने न्याय्य मानलेल्या कारणासाठी जीव पणाला लावला, तिच्यासाठी आपण तो राखून ठेवला आहे. ‘नॉयर’ 2001 साली जपानमध्ये 26 भागांत दाखवली गेली. कोइची माशिमो यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत पॅरिसमध्ये राहणारी, मूळची कॉर्सिकाची मिरेय पैसे घेऊन माणसे मारते, आणि स्मृती गमावलेली जपानी मुलगी किरिका तिची जोडीदार होते. आपण माणसे इतक्या सहज मारू शकतो आणि तरी आपल्याला दुःख कसे होत नाही, हा प्रश्न किरिकाला आरंभापासून छळतो. जी व्यक्ती स्वतःविषयी असा प्रश्न विचारते, तिच्या गळ्यात आपण ‘वीरांगना’ हा हार घालणे म्हणजे तिचे म्हणणे न ऐकणे होय. या मालिकेच्या चाहत्यांची मते वाचली तरी हेच दिसते : तिच्यावर प्रेम करणारे प्रेक्षक या दोघींच्या पराक्रमाविषयी कमी आणि त्यांच्यातील अबोल जवळिकीविषयी व किरिकाच्या रिकामपणाविषयी अधिक बोलतात.

‘नेमबाज’ हा शब्द सुंदर आहे, आणि स्त्रियांसाठी तो मराठीत पुरता रुळला आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा कोणालाही ‘नेमबाजीण’ असे रूप घडवावेसे वाटले नाही. परंतु हा शब्द आता मैदानाने घेतला आहे. जो तोफ डागायचा त्या गोलंदाजाला क्रिकेटने चेंडू दिला, तसेच काहीसे नेमबाजाचेही झाले असून, त्याच्यासमोर आपल्याला कागदी लक्ष्य दिसते, माणूस दिसत नाही. किरिकाला नेमबाज म्हणणे खोटे नाही, पण त्याने तिच्या कामावर पडदा पडतो.

राहिला ‘मारेकरी’, आणि माझे मत त्याच्या बाजूने आहे. हा शब्द निव्वळ ‘मारणारा’ या अर्थाचा नाही. जुन्या मराठीत ‘मारेकरी घालणे’ असा प्रयोग आहे : अमक्याने तमक्यावर मारेकरी घातले. या वाक्यात कर्ता आहे तो पाठवणारा, आणि मारेकरी आहेत कर्म. ज्याच्या हातून खून होतो तो स्वतः कोणाच्या तरी हातातले हत्यार असतो, ही जाण या प्रयोगात मुरलेली आहे. ‘नॉयर’चे कथानक नेमके याच जाणिवेकडे जाते, कारण आपण स्वतःच्या मर्जीने हा धंदा करतो असे मानणाऱ्या मिरेयला हळूहळू कळते की ‘सोल्दा’ नावाच्या प्राचीन गुप्त संघटनेने दोघींच्या आयुष्याची मांडणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. जपानी भाषेत धंदेवाईक खुन्याला ‘कोरोशिया’ म्हणतात; त्यातील ‘या’ हा फुलवाल्याच्या ‘हानाया’तही येतो आणि दुकान किंवा धंदा सुचवतो. तेथे व्यापार पुढे येतो, आपल्या ‘मारेकरी’त पाठवणारा पुढे येतो. मुंबईच्या गुन्हेगारी जगातली ‘सुपारी’ जपानी शब्दाच्या अधिक जवळची आहे, परंतु तिच्यासोबत जो मुंबईचा वास येतो तो पॅरिसमधल्या या थंड, मोजून बोलणाऱ्या मालिकेला मानवणार नाही.

आता खरी अडचण लिंगाची. ‘मारेकरीण’ असे रूप करता येईल, परंतु ‘-ईण’ हा प्रत्यय मराठीत जितका ‘ते काम करणारी’ या अर्थाचा आहे तितकाच ‘त्याची बायको’ या अर्थाचाही आहे. पाटलीण म्हणजे बहुधा पाटलाची पत्नी. मारेकरीण म्हटल्यावर कोणी ‘हिचा नवरा कोण?’ असे विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. सुदैवाने मराठीत नामाने लिंग सांगितले नाही तरी क्रियापद ते सांगते : ‘मारेकरी जिना उतरून खाली आली.’ हे वाक्य पहिल्यांदा वाचताना क्षणभर ठेच लागते, दुसऱ्यांदा लागत नाही. ‘नवी अधिकारी आली’ हे आपण कधीच पचवले आहे. याहून सोयीचे म्हणजे मराठीत माणसे मोजण्याचे शब्द लिंग सांगतात. ‘दोघी मारेकरी’ म्हटले की प्रत्ययाची गरज उरत नाही, आणि क्लोए ही तिसरी मुलगी कथेत आली की ‘तिघी’ म्हणावे.

विभक्ती लागली की मात्र हे सारे अवघड होते. ‘मारेकऱ्याने चाप ओढला’ या वाक्यात मारेकरी पुरुषच भासतो. ई-कारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप ‘-या’ने होते आणि कर्माला जुळलेले ‘ओढला’ हे क्रियापद कर्त्याविषयी काहीच बोलत नाही, म्हणजे जेथे मदत हवी तेथेच क्रियापद गप्प राहते. ‘मारेकरीने’ हा पर्याय कोणी लिहिलेला मी पाहिला आहे, परंतु तो कानाला परका वाटतो. ‘नेमबाज’ची गतही निराळी नाही, ‘नेमबाजाने’ पुरुषी आणि ‘नेमबाजेने’ कोणी म्हणत नाही. वृत्तपत्रे ‘महिला अधिकाऱ्याने’ असे लिहून वेळ मारून नेतात, पण ‘महिला मारेकऱ्याने’ हे कथेविषयीच्या लेखनात पोलिसी पंचनाम्यासारखे वाचते. माझा सल्ला असा की एकवचनात विभक्ती लावण्याची वेळ आली की सरळ नाव किंवा ‘तिने’ वापरावे, आणि अनेकवचनात ‘मारेकऱ्यांनी’ निर्धास्तपणे लिहावे, कारण तेथे रूपावरून लिंग ठरत नाही. नाम-क्रियापदांत लिंगभेद न करणाऱ्या जपानीला ही कसरत करावीच लागत नाही.

हाच शब्द या प्रकारातील प्रत्येक मालिकेला लावता येईल असे मात्र समजू नये. ‘गनस्लिंगर गर्ल’मध्ये इटलीतील एक सरकारी यंत्रणा समाजकल्याणाच्या नावाखाली जखमी, अनाथप्राय मुलींना कृत्रिम शरीरे देऊन, मनाला वळण लावून त्यांच्याकडून खून करवून घेते, तेथे ‘मारेकरी घालणे’ हा प्रयोग अक्षरशः लागू पडतो, आणि ती पाहताना अनेक प्रेक्षकांना जी अस्वस्थता वाटते तिचे मूळही त्यातच आहे. उलट 2022 च्या ‘लायकोरिस रिकॉइल’मधील चिसातो कोणाचाही जीव न घेण्याचे ठरवून प्राणघातक नसलेल्या गोळ्या वापरते. तिला मारेकरी म्हणणे चुकीचे आहे. आणि त्या गोळ्यांचा दुरून नेम लागत नसल्याने ती गोळ्या चुकवत जवळ जाऊन झाडते, म्हणून नेमबाज म्हणण्यातही अर्थ नाही. तिची जोडीदार ताकिना मात्र खरी नेमबाज आहे. या मुलींना त्यांच्या संस्थेत ‘लायकोरिस’ हेच फुलाचे नाव आहे, ते तसेच ठेवावे. ‘ब्लॅक लगून’मधील रेव्ही दोन्ही हातांनी पिस्तुले चालवते म्हणून तिला ‘टू हँड’ म्हणतात. तिच्यासाठी आपल्याकडे अर्जुनाचे ‘सव्यसाची’ हे नाव तयार आहे, परंतु विविध क्षेत्रांत लिहिणाऱ्या संपादकांना वाटून वाटून आपण त्याची धार घालवली आहे.

वाचकांच्या वाक्यातील आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. ‘रटाळ’ हा निकाल आहे, ‘संथ’ हे वर्णन आहे. ‘नॉयर’वर नाराज असलेले प्रेक्षक लांबलेली दृश्ये, पुन्हा पुन्हा दिसणारे पूर्वस्मृतीचे तुकडे आणि संगीतकार युकी काजिउरा यांच्या त्याच त्या सुरावटी यांची तक्रार करतात, तिचे चाहते याच तीन गोष्टींची स्तुती करतात. इतक्या गोळ्या झाडल्या जातात आणि रक्त जवळजवळ दिसत नाही, यावरही असेच दोन तट आहेत. दोन्ही बाजूंची मते सांगायची असतील तर लेखकाने स्वतःच्या तोंडी ‘संथ’ ठेवावे आणि ‘रटाळ’ हे तक्रार करणाऱ्यांच्या तोंडी घालावे. ‘ॲनिमे’ स्त्रीलिंगी करण्यामागे ‘मालिका’ हा शब्द मनात असणार, आणि ते चालण्यासारखे आहे. मी स्वतः ‘गाणे’, ‘नाणे’ यांच्या वळणावर ‘ते ॲनिमे’ म्हणतो. तेव्हा मी ते वाक्य असे लिहीन : ‘नॉयरमधील दोघी मारेकरी बहुतेकांना आवडतात, मालिकेची संथ गती मात्र काहींना रटाळ वाटते.’